वाढत्या अंगाची सायकल

आमच्या लहानपणी घरात येणारी प्रत्येक वस्तू वाढत्या अंगाची असे. शाळेचा सदरा कोपराच्या खाली लोंबायचा, चपलेत टाचेमागे दोन बोटं शिल्लक राहायची आणि सायकल तर थेट वडिलांचीच मिळायची. बावीस इंची, काळी, मधल्या दांड्याची. सीटवर बसलं तर पाय पेडलपर्यंत पोचत नसत, म्हणून दांड्याखालून उजवा पाय पलीकडे घालून कैची मारायची. त्या अवस्थेत आमचा आकार प्रश्नचिन्हासारखा दिसे, पण मुलाची बैठक चुकते आहे अशी काळजी कुणाला वाटली नाही. सायकल होती तशीच राहायची. तिच्या मापाचं होण्याची जबाबदारी आमची.

एक्कावन्नाव्या वर्षी ही जबाबदारी उलटली.

निमित्त गोव्याचं. पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली आयर्नमॅन ७०.३ ही ट्रायथलॉन स्पर्धा सुरू झाली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि त्यातून जो काही उरेल त्याने २१.१ किलोमीटर पळायचं. ७०.३ हा या सगळ्याचा मैलांतला हिशेब. ऑफिसातल्या एका पोराने नाव नोंदवलं आणि चहाच्या भरात मीही नोंदवलं. गोव्याला जायचंय म्हटल्यावर घरून परवानगी लगेच मिळाली. तपशील नंतर कळले.

सरावाला लागलो. तीन आठवड्यांत गुडघ्याची वाटी पुढून दुखू लागली, तळहातांना मुंग्या येऊ लागल्या आणि ललित निबंधात ज्याचं नाव घेत नाहीत असा एक भाग तासाभरात बधिर होऊ लागला. गुडघ्याला तेल चोळलं. उरलेल्या दोन्हींबाबत मौन पाळलं.

मग कुणीतरी सीटची उंची काढायचं सूत्र सांगितलं. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, मांड्यांमध्ये एक जाड पुस्तक घट्ट वर दाबून धरायचं, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्याला ०.८८३ने गुणायचं. जे येईल ते क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. त्या जाडीचं पुस्तक घरात एकच होतं, मराठी शब्दकोश. ही खोलीत आली तेव्हा मी हाफ चड्डीत, भिंतीला टेकून, शब्दकोशावर स्वार झालेलो होतो.

"अहो, पुस्तकाला चुकून पाय लागला तर नमस्कार करतात," ती म्हणाली. "याला काय करतात?"

मी ७८ गुणिले ०.८८३ करण्यात गुंतलो होतो. उत्तर आलं ६८.९ सेंटिमीटर. माझी सीट होती ६६वर. सिग्नलला थांबल्यावर दोन्ही पाय नीट टेकावेत म्हणून मीच ती खाली ठेवली होती. पुण्यात सिग्नलला पाय टेकायची वेळ कितीदा येते, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. सीट फार खाली असली की गुडघा पुढून दुखतो आणि फार वर असली की मागून, एवढं साधं गणित. म्हणजे तेल मी चुकीच्या जागी चोळलं होतं. ते सीटच्या बोल्टला हवं होतं.

सीट वर घेतली, गुडघा निवला, पण मुंग्या आणि ती दुसरी गोष्ट हटेना. शेवटी बाईक फिटर गाठला. फिटर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आयटीआयचा ट्रेड येतो. हा मुलगा फिजिओथेरपी शिकलेला, पंचविशीतला. सायकलकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

"काका, गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरा."

मी वाकलो. हात नडगीच्या मध्यावर थांबले.

"अजून थोडं?"

"हेच अजून आहे."

त्याने काही न बोलता वहीत लिहून घेतलं. मग माझ्या घोट्यावर, गुडघ्यावर, कमरेवर, खांद्यावर पांढऱ्या टिकल्या चिकटवल्या, सायकल जागच्या जागी चालेल अशी बसवली आणि बाजूने चित्रण सुरू केलं. पडद्यावर एक टक्कल पडलेला गृहस्थ सायकलवर बसून रस्त्यात पडलेली किल्ली शोधत होता. तो मीच.

इतकं वाकायचं कशासाठी, तर हवेसाठी. सपाट रस्त्यावर वेग वाढला की सायकलवाल्याचं खरं भांडण हवेशी असतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यातला तीन चतुर्थांशाच्या आसपास विरोध सायकलला नसतो, वर बसलेल्या देहाला असतो. त्यात या स्पर्धेत दुसऱ्याच्या आडोशाने जाणं नियमाने बंद. तेव्हा ज्याने त्याने आपापला देह लहान करायचा. त्यासाठी एरोबार. कोपरं गाद्यांवर टेकून हात पुढे घ्यायचे, जवळजवळ नमस्कार घातल्यासारखे.

या नमस्काराचं फळ साऱ्या जगाने १९८९ साली पाहिलं. टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस, व्हर्साय ते पॅरिस २४.५ किलोमीटर. ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. ट्रायथलॉनवाल्यांकडून आलेला एरोबार लावून तो वाकला. पुढे असलेला लोराँ फिन्याँ एरोबारविना, उघड्या डोक्याने, शेंडी उडवत आला. सव्वातीन हजार किलोमीटरच्या शर्यतीचा निकाल ८ सेकंदांनी लागला आणि तो लेमाँडच्या बाजूने.

ग्रेम ओब्री तर आणखी पुढे गेला. या स्कॉटिश गड्याने स्वतः सायकल बांधली, तीत धुण्याच्या यंत्रातलं बेअरिंग बसवलं आणि हात छातीखाली दुमडून, पंखात चोच खुपसलेल्या पाखरासारखा बसून १९९३ साली तासाभरात सर्वाधिक अंतराचा विक्रम केला. ५१.५९६ किलोमीटर. आठवड्याच्या आत तो ख्रिस बोर्डमनने मोडला आणि पुढच्या वर्षी त्या बैठकीवरच बंदी आली. ओब्रीने मग हात सरळ पुढे ताणून दुसरी बैठक शोधली आणि जगज्जेता झाला. काही काळाने तीही बंद झाली. बसण्याच्या पद्धतीवरून दोनदा मनाई झालेला माणूस आमच्या शाळेतही होता, पण तो बाकावर बसायचा.

हे सगळं वाचून आलेलो असल्यामुळे मी फिटरला ऐटीत म्हणालो, "हँडल अगदी खाली घे." त्याने घेतलं. दोन मिनिटांत मांडी आणि पोट यांची मिनिटाला ऐंशी वेळा गळाभेट होऊ लागली. दोघांपैकी मागे सरकायला कुणीच तयार नव्हतं.

"खाली जाणं सोपं आहे, काका," तो म्हणाला. "नव्वद किलोमीटर तिथे राहायचंय. आणि मग उतरून पळायचंय."

मग त्याने पाना हातात घेतला. सीट पुढे सरकवली. साध्या रोड बाईकला सीटच्या नळीचा कोन ७३ अंशांच्या आसपास असतो, ट्रायथलॉनच्या बाईकला ७६ ते ८०. सीट पुढे आली की माणूस आखडत नाही, आहे तसाच क्रँकभोवती पुढे फिरतो. पाठ वाकलेली राहते, पण कंबर आणि मांडी यांच्यात जागा मिळते. १७२.५ मिलिमीटरचे क्रँक काढून १६५चे लावले. त्यामुळे वर येणारं पेडल साडेसात मिलिमीटर खाली थांबतं, आणि पाय पुरेसा लांबावा म्हणून सीट तेवढीच वर जाते. गुडघा पोटापासून पंधरा मिलिमीटर दूर. एवढ्या अंतरासाठी डाएटवाले तीन महिने मागतात. सीट दिली पुढून दुभागलेली, छोट्या नाकाची, आणि मौन पाळलेल्या विषयाचा निकाल माझ्या तोंडून शब्द न निघता लागला.

शेवटी त्याने हँडलखाली चार कड्या घालून ते वर घेतलं. हे मला अपमानास्पद वाटलं.

"वेग जाईल ना?"

"दर दहा मिनिटांनी मान भरून आली म्हणून तुम्ही ताठ उठून बसलात, तर त्यापेक्षा जास्त जाईल. जितकं वाकून टिकता येतं, तितकंच वाकायचं."

मोडेन पण वाकणार नाही, हे बाळकडू घेऊन मी मोठा झालो. न वाकल्यामुळे झालेले तोटे गृहस्थाश्रमात पुष्कळ पाहिले, आणि कधीमधी उसनं अवसान आणून फार वाकल्यावर दुसऱ्या दिवशी किती चिडचिड होते, तेही पाहिलं. या दोन्हींच्या मध्ये मिलिमीटरने मोजून एक जागा असते, हे कळायला पाना घेतलेला पोरगा लागला. आणि ती जागाही एकदा सापडली की कायमची, असं नसतं. पाच वेळा टूर जिंकलेला एडी मर्क्स १९६९च्या अपघातात पाठ-कंबर दुखावल्यापासून सीटची उंची सारखी बदलत असे, शर्यतीत चालत्या सायकलवरसुद्धा. एवढा मोठा माणूस जन्मभर बूड सावरत राहिला, तिथे माझी काय कथा!

निघताना हँडलखालच्या त्या चार कड्या मला खुपत होत्या. "बरं दिसत नाही रे. नळी कापून कायमचं खाली घ्यायचं का?"

"कापू नका. सहा महिन्यांनी अंगठे धरता आले की या. एकेक कडी कमी करू."

घरी आलो. शब्दकोश पुसून परत कपाटात गेला होता.

"झालं का माप?" हिने विचारलं.

"झालं. वाढत्या अंगाची ठेवलीय."

तिने माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. नजर मध्यावर जरा रेंगाळली. "कुठल्या बाजूनं?"

"खालच्या," मी म्हणालो आणि अंगठे धरायला वाकलो. अजून बरीच बोटं कमी पडत होती.