तीन दिवसांत आनंदमय कोश

ठाण्याच्या नौपाड्यातल्या माणसाला पंचकोश समजावून सांगावे लागत नाहीत. व्याख्यानमालांच्या पहिल्या तीन रांगा धरून बसणारी ही वस्ती. तैत्तिरीय उपनिषद म्हटलं की चार माना आपोआप डोलतात. त्यामुळे ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला आणि तीन ते आठ वर्षांच्या पोरांचा विकास अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय आणि आनंदमय अशा पाच कोशांतून करायचं ठरलं, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांनाच बरं वाटलं. हे कोश जागे करणार कोण, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. असले प्रश्न व्याख्यानानंतरच्या चहाच्या वेळचे, आणि तोवर आपण चपला शोधत असतो.

तर ऐका. करणार अंगणवाडीताई. 'पोषण भी पढाई भी' ही केंद्राची योजना २०२३ च्या मे महिन्यात निघाली. पुढच्या वर्षी तीन ते सहा वयासाठी 'आधारशिला' आणि त्याखालच्यांसाठी 'नवचेतना' असे दोन दस्तऐवज आले. ते ताईंपर्यंत पोचवायचं प्रशिक्षण तीन दिवसांचं. आधी वरचे शिकणार, मग ते प्रकल्प अधिकारी नि मुख्यसेविकांना शिकवणार, मग त्या ताईंना. या उतरंडीला म्हणतात कॅस्केड. तीन दिवसांत पाच कोश, म्हणजे एका कोशाला अर्ध्या दिवसाहून थोडं जास्त. त्यातून हजेरी, चहा, जेवण आणि बॅनरसमोरचा ग्रुप फोटो वजा करा. आनंदमय कोश साहजिकच शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला, प्रवासभत्त्याच्या कागदावर सह्या चालू असताना येणार.

धोरण तसं कंजूष नाही, हेही सांगायला हवं. २९ जुलै २०२० ला मंजूर झालेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि कमी शिकलेलीला वर्षाची पदविका असं लिहिलंय. शिकायचं कसं? डीटीएच वाहिन्यांवरून आणि स्मार्टफोनवरून. शिवाय महिन्यातून निदान एक वर्ग समोरासमोर. यूट्यूब पाहून उकडीचे मोदक वळणारी आमच्या इमारतीतली नवी पिढी या पद्धतीबद्दल अधिकाराने बोलू शकेल.

हे सगळं ताईंच्या रोजच्या कामात कमीत कमी खंड पाडून व्हावं, अशी धोरणाची इच्छा आहे. रोजचं काम म्हणजे वजन, उंची, आहार, गृहभेटी, लसीकरणाच्या दिवशी आयांना गोळा करणं. जुलै २०२४ मध्ये त्यात लाडक्या बहिणींचे अर्ज आले, अर्जामागे पन्नास रुपयांच्या बोलीवर. आणि मग फोन. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या ताईंनी सरकारी फोन गठ्ठ्यांनी सरकारला परत केले होते. फोन तापायचा, अडायचा, आणि त्यावरचं पोषण ट्रॅकर ॲप बोलायचं इंग्रजी. आता तर १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहाराची पाकिटं द्यायची तर लाभार्थीचा चेहरा फोनला पटावा लागतो. ताई त्या बाईला तिच्या लग्नापासून ओळखते, पण तिच्या ओळखीला पुरावा नाही. मग दारात, उजेडात उभं राहून मान डावीकडे, मान उजवीकडे. आत वीस पोरं आपापले कोश आपणच जागे करत असतात.

एवढं सगळं करणारी बाई सरकारच्या नजरेत मानसेवी. तिला पगार नसतो, मानधन असतं. ते वाढावं म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये ताई संपावर गेल्या त्या जानेवारी सरत येईतो. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायला एप्रिल २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. म्हणजे राष्ट्रउभारणीचा पाया जिच्या हातात, तिचा हुद्दा अजून 'हौशी' या सदरात मोडतो.

गंमत अशी की या विषयात ठाणे जिल्ह्याने दिल्लीला धडे द्यायचे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढलं, तेव्हा ते आपल्याच जिल्ह्यात होतं. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणारी पोरं तिथेही सापडेनात, तर अनुताई वाघांसह त्या कोसबाडच्या टेकडीवर कुरणापर्यंत गेल्या. साधनं काय, तर बिया, शंख, खडे, पानं. देशभरच्या अंगणवाड्या १९७५ मध्ये सुरू झाल्या त्या पुढे. आता तेच तत्त्व 'जादुई पिटारा' नावाच्या खोक्यात भरून २०२३ मध्ये दिल्लीहून परत आलं, तेरा भाषांत. आपण मात्र हक्क सांगू शकत नाही. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला आणि बोर्डी, कोसबाड तिकडे गेलं. ठाण्याकडे राहिली वाहतूक कोंडी.

शिकवणाऱ्या बायका घडवण्याच्या बाबतीत ताराबाई आणि अनुताईंना एक जुनाट खोड होती. नवी सेविका महिनोन्महिने पोरांत बसायची, चुकायची, आणि अनुभवी बाई शेजारी असायची. याला कॅस्केड म्हणत नाहीत, म्हणून ते आराखड्यात नीट बसत नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीला तिसरी भाषा हिंदी, असा शासन निर्णय आला आणि घंटाळीपासून तीन पेट्रोल पंपापर्यंत प्रत्येक कट्टा पेटला. २९ जूनला सरकारने माघार घेतली, पेढे वाटले गेले. भांडण रास्तच होतं. पण सहा वर्षांच्या मुलाला कुठली भाषा शिकवावी यावर अडीच महिने घसा बसेपर्यंत बोलणाऱ्या आपल्यापैकी कुणी, चार वर्षांच्या मुलासमोर कोण उभं आहे आणि तिला कुणी काय शिकवलंय, एवढं विचारलं नाही. उलट अंगणवाडी 'त्यांच्यासाठी' असते, आपल्यासाठी प्ले ग्रुप.

तो आपल्या गल्लीत आहेच. तळमजल्याचा वन बीएचके, खिडकीच्या गजांवर मिकी माउस, पाटीवर ताज्या रंगात 'एनईपीनुसार'. तिथल्या मॅडम दोन वर्षांपूर्वी साड्यांची प्रदर्शनं भरवायच्या, आणि कुठलाच नियम त्यांना अडवत नाही. परवा पालकसभेत त्यांनी पडद्यावर पंचकोशाचं रंगीत वर्तुळ दाखवलं. एका आजींनी चष्मा सावरून नमस्कार केला. मग मागून एका बाबांनी हात वर केला.

"मॅडम, यातले परीक्षेला कुठले?"

मॅडम क्षणभरही अडखळल्या नाहीत. "पहिले तीन. उरलेल्या दोघांसाठी संध्याकाळची बॅच आहे. फी वेगळी."