आम्ही दोघे, आमची दोन घरे

जागतिक लोकसंख्या दिन ११ जुलैला येतो. १९८७ साली या तारखेच्या आसपास जगाने पाच अब्जांचा आकडा गाठला, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस मुक्रर केला. करताना कर्जतच्या पावसाला कोणी विचारलं नाही. त्यामुळे त्या दिवशी निघालेली कॉलेजची रॅली स्टेशनपर्यंत पोचेस्तोवर पोस्टर कलरमधलं 'छोटे कुटुंब, सुखी कुटुंब' ओघळत जातं आणि चौकात येईपर्यंत फलकावर दोहोंपैकी एकही कुटुंब शिल्लक राहत नाही. हरकत नाही. फोटो गेटातच काढून झालेला असतो. तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश सगळं त्यावर उमटलेलं. कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाइलीला तेवढं पुरतं.

मग पथनाट्य. कुटुंबनियोजनावरच्या या नाटकात कुठल्याही साधनाचं नाव येता कामा नये, असा अलिखित नियम आहे. तालमीत एखादी धीट मुलगी 'निरोध' म्हणाली तर सर घसा खाकरतात आणि 'तिथे उपाय म्हणा' असं सुचवतात. त्यामुळे आठ मुलांचे आईबाप डॉक्टरकडे जातात, डॉक्टर 'उपाय करा' म्हणतो, दोघं मान डोलावतात आणि पुढच्या प्रवेशात त्यांना दोनच मुलं असतात. मधल्या सहा जणांचं काय झालं ते प्रेक्षकांनी समजून घ्यायचं. तेवढ्यात प्लास्टिकचा राक्षस आरडाओरडा करत शिरतो. पर्यावरण हा विषय पदवीला सक्तीचा आहे, आणि राक्षसाचं नाव घ्यायला सरांची ना नसते.

कुटुंबनियोजनाचाच विषय घेऊन एक प्राध्यापक नावानिशी उभा राहिला, त्याला आता शंभर वर्षं उलटली. र. धों. कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. साधनांची नावं घेतली, ती वापरायची कशी तेही सांगितलं. परिणामी नोकरी सोडावी लागली. १९२७ला 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, दंड भरले आणि १९५३ साली मरेपर्यंत मासिक चालवलं. एवढं करून त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. गेटात उभं राहून फोटो काढायचा असतो. आज ते असते तर याच कामाबद्दल त्यांना बढतीचे गुण मिळाले असते. अर्थात 'उपाय' म्हणायला तयार झाले असते तर.

पावसाळा सरला की कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे एनएसएसचं, सात दिवसांचं निवासी शिबिर. दत्तक घ्यायला बहुधा कातकरीवाडी नाहीतर ठाकूरवाडी सापडते, कारण लोकसंख्येचा प्रश्न झोपडीत राहतो अशी समजूत आहे. अडचण फक्त कॅलेंडरची. दिवाळी उलटली की कातकरी कुटुंबं पोराबाळांसकट वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शिबिर असतं डिसेंबरात. त्यामुळे लोकसंख्यावाढीचे दुष्परिणाम ऐकायला वाडीत दोन म्हाताऱ्या, तीन कुत्री आणि काही कोंबड्या हजर असतात. स्वयंसेवक फॉर्म काढतो. 'आजी, घरात मुलं किती?' आजी विचारते, 'हितली सांगू, का भट्टीवरली?' फॉर्मात भट्टीचा रकाना नाही. मुलगा प्रामाणिक असतो, तो शून्य लिहितो. अहवालात हे असं उतरतं : 'दत्तक वाडीतील लोकसंख्या नियंत्रणात असून जनजागृतीचे परिणाम दिसू लागले आहेत.'

तसं पाहिलं तर महाराष्ट्राला आता या उपदेशाची फारशी गरज उरलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत राज्याचा एकूण जननदर बाईमागे १.७ मुलं भरला. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. हे काम केलं कोणी, तेही त्याच सर्वेक्षणात आहे. नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या विवाहित बायका जवळपास निम्म्या, आणि पुरुष शेकडा एकसुद्धा नाहीत. नसबंदीला अनुदान पुरुषालाच जास्त आहे, पण पुरुष पथनाट्याला मागे उभे राहून टाळ्या वाजवतात. तेही योगदानच.

खरी लोकसंख्यावाढ बघायची तर शनिवारी कर्जत-खालापुरात यावं. एक्स्प्रेस वेवरून गाड्या उतरतात, लोकलमधून झुंडी उतरतात, धबधब्याखाली पाण्याच्या थेंबांपेक्षा माणसं जास्त होतात. मग प्रशासनाला मनाई आदेश काढावा लागतो. हा वाढदर दोन दिवसांत चढतो आणि सोमवारी सकाळी उतरतो, मागे बाटल्या ठेवून. या पर्यटक जोडप्यांची मुलं मोजून दोन असतात, कधी एकच. छोटं कुटुंब आणि भलतं सुखी. राज्याने सांगितलं ते त्यांनी तंतोतंत पाळलं आणि उरलेल्या उमेदीत दुसरं घर घेतलं. 'आम्ही दोघे, आमचे दोन'ची ही सुधारून वाढवलेली आवृत्ती : आम्ही दोघे, आमची दोन घरे, दुसऱ्याला पोहण्याचा तलाव. पाण्याचं म्हणाल तर मोरबे धरण खालापूर तालुक्यात आहे, मालकी नवी मुंबई महापालिकेची. आणि मेमध्ये वाडीतल्या बायका डोक्यावर हंडा घेऊन डवऱ्याकडे, म्हणजे पाझराच्या खड्ड्याकडे, जातात. तिथे शिबिर भरवून सांगायचं की बाई, तुझ्या तिसऱ्या पोराचा पृथ्वीवर भार पडतो.

कायदाही त्या तिसऱ्यावरच डोळा ठेवून आहे. १२ सप्टेंबर २००१नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायत सदस्याचं पद जातं. आमदाराला ही अट नाही. त्याची मुलं बहुधा पर्यावरणपूरक असावीत. हाच न्याय जरा पुढे नेऊन मी एक मसुदा केला आहे. पहिल्या फार्महाऊसनंतर पुरेसं अंतर ठेवावं. दुसऱ्यानंतर मालकाला सोसायटीच्या निवडणुकीतून बाद करावं. तिसऱ्या बोअरवेलची आरोग्य केंद्रात बिनटाक्याची शस्त्रक्रिया करावी, घरी सोडताना हाती अनुदानाचा चेक द्यावा.

पुढच्या रॅलीसाठी यातलीच एक घोषणा मी एका कॉलेजच्या कार्यक्रमाधिकाऱ्यांना दिली, वॉटरप्रूफ रंगासकट. त्यांना ती आवडली. फक्त 'फार्महाऊस' शब्दाच्या जागी काही दुसरं बसतंय का बघा म्हणाले. शिबिराच्या समारोपाचं जेवण तिथूनच येतं.