ताणवाले काकाजी

अमरावतीच्या कोणत्याही कॉलनीत जा, पोस्टातून नाहीतर जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले एक काकाजी भेटतातच. जेमतेम प्लॉट, त्यात घर, बोअर, जास्वंद, मोगरा आणि मागच्या सांदवाडीत संत्र्याचं एक झाड. या एका झाडाला काकाजी ‘बगीचा’ म्हणतात. वरुड-मोर्शीचे लोक दहा एकरांना म्हणतात तसं.

27 डिसेंबरला पंजाबराव देशमुखांची जयंती. त्या सुमारास अकोल्याच्या कृषी विद्यापीठात प्रदर्शन भरतं. काकाजी तिथून पिशवीभर पत्रकं आणि नव्या वर्षाची ‘कृषी संवादिनी’ घेऊन परततात आणि घरात आंबिया बहाराची आणीबाणी जाहीर होते.

आंबियाचं शास्त्र खरं आहे. थंडीत पाणी तोडून ताण दिला की झाडाची वाढ थांबते, पानं मलूल होतात, फांद्यांत अन्नसाठा जमतो. मग आळं करून, शेणखत, निंबोळी ढेप घालून पाणी दिलं की नव्या पालवीबरोबर फूल फुटतं. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो. आपली काळी जमीन भारी, ओल सोडत नाही, तिथं धीर लागतो. धीर काकाजींकडे भरपूर आहे. काकूंकडे अजिबात नाही.

काकाजी रोज सकाळी चष्मा पुसून पानं तपासतात. पानं हिरवीगार, टवटवीत.

“पाणी कोनं टाकलं वं?”

“मले काय मालूम!”

“मंग आळं वलं काऊन हाये?”

“तांदूळ धुतलेलं पाणी म्हंजे काय पाणी हाये काय? तहानलेल्या झाडाकडं पाह्यवत नाही मले.”

यावर ‘संवादिनी’त उपाय दिलेला नाही. शिवाय झाडाची मुळं कधीच कुंपणभिंतीखालून शेजाऱ्यांच्या लॉनपर्यंत पोचलेली असतात, ते वेगळंच. वसंत पंचमीला काकाजी समारंभपूर्वक ताण तोडतात, म्हणजे जे तुटलंच नव्हतं ते पुन्हा जोडतात.

दरम्यान सिकेटर हातात आहेच म्हणून ते मोगरा छाटतात. इतका खाली, की काकू दोन दिवस बोलत नाहीत. गंमत अशी की ही एक गोष्ट त्यांना पक्की जमते. छाटणी, खत, मग पाणी. चैत्रात तोच मोगरा ओंजळी भरून फुलतो आणि साऱ्या गल्लीतल्या वेण्या त्यावर निघतात. काकाजींना त्याचं काही नाही. “मोगरा काय, कोनाकडंही फुलते,” म्हणतात, आणि संत्र्याकडे बघत वहीत लिहितात: जमीन भारी, यंदा बहार हुकला.

दिवाळीनंतर मात्र ते घरोघरी संत्री वाटतात. “आंबियाची हायेत, घ्या.” वरुडच्या एका नातेवाइकाकडून पोतं येतं, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक आहे. पण विषय कोणी काढत नाही, कारण संत्री खरोखरच गोड असतात.