ट्रेमध्ये ठेवा, मॅडम

मुंबई विमानतळावर सुरक्षा तपासणीत निळी थैली उघडली, की रांगेतल्या माना आपोआप तिकडे वळतात. आत जेल पॅक, इंजेक्शनचं पेन, सुया आणि चार घड्या घातलेली डॉक्टरांची चिठ्ठी. जवान विचारतो, "हे कशाचं?" सासूबाईंपासूनही लपवलेली आयव्हीएफची गोष्ट आता चारचौघांत सांगायची!

"शुगर का?" मागचे काका कळवळून विचारतात. बाई मान डोलावते. मधुमेहाला आपल्याकडे कोण लाजतंय?

'गोनल-एफ'चं पेन एरवी 2 ते 8 अंशांत ठेवायचं, पण 25 अंशांपर्यंतच्या तापमानात ते तीन महिने टिकतं. तरी नवरा थैलीला तान्ह्या बाळासारखं जपतो, सराव म्हणायचा. सामानात मात्र टाकायचं नाही, कारण गोठलं की पैसे पाण्यात.

खरी गंमत 'ट्रिगर'च्या इंजेक्शनची. स्त्रीबीजं काढण्याआधी साधारण 36 तास ते घड्याळ लावून टोचायचं. विमान रखडलं तर टोचायची जागा म्हणजे प्रसाधनगृह, आणि बाहेरून दार ठोठावणारे तेच काका.

उशीर फारच झाला तर विमान कंपनीने खायला द्यावं, असा नियम आहे. सँडविच मिळतं. तेही थंडगार.