‘असू द्या’ पंथाचा विद्यार्थी

रेणुकामातेचे देवस्थान, होळकरांचा रंगमहाल आणि कांद्याची बाजार समिती यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चांदवडमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे आणखी एक जमात नांदू लागली असून, तीमधील ‘असू द्या’ पंथाचा अंतिम वर्षाचा विद्यार्थी स्वतंत्र अभ्यासास पात्र ठरतो. त्याचा प्रकल्प बहुधा मोबाइलवर कांद्याचे भाव दाखवण्याचा असतो आणि तो ग्रेडलने, म्हणजे स्वतःचा कोड व इतरांच्या तयार लायब्रऱ्या जुळवून चालते अ‍ॅप घडवणाऱ्या साधनाने, बांधला जातो.

प्रत्येक लायब्ररी कोणत्या नात्याने घेतली, हे ग्रेडलला सांगावे लागते: ‘इम्प्लिमेंटेशन’ म्हणजे ती घेणाऱ्या मॉड्यूलच्या (अ‍ॅपच्या एका स्वतंत्र भागाच्या) अंतर्गत कामापुरती, ‘एपीआय’ म्हणजे ते मॉड्यूल वापरणाऱ्यालाही उघड, ‘टेस्टइम्प्लिमेंटेशन’ म्हणजे केवळ चाचणीपुरती. असा भेदभाव या विद्यार्थ्याच्या स्वभावात बसत नसल्याने तो सर्वांना सहकुटुंब सहपरिवार ‘एपीआय’मध्येच बोलावतो.

या औदार्याला परंपरा आहे. पूर्वी ‘कंपाइल’ हा एकच शब्द यांपैकी पहिली दोन्ही नाती निभावत असे. 2017 मध्ये ग्रेडल 3.4 ने त्याची ‘एपीआय’ व ‘इम्प्लिमेंटेशन’ अशी वाटणी केली आणि 2021 मध्ये सातव्या आवृत्तीने तो शब्दच काढून टाकला. सीनियरकडून वारशाने आलेली फाइल त्यामुळे अडताच त्याने ‘कंपाइल’च्या जागी सरसकट ‘एपीआय’ घातले (अर्थाच्या दृष्टीने हा पर्याय सर्वांत जवळचा होता, हे मान्य केले पाहिजे); मात्र त्या झपाट्यात ‘कंपाइलएसडीकेव्हर्जन’ या निरपराध ओळीचेही ‘एपीआयएसडीकेव्हर्जन’ झाले आणि असे काही आपल्या ऐकिवात नसल्याचे ग्रेडलने लाल अक्षरांत कळवले.

भाव आणणाऱ्या मॉड्यूलने रेट्रोफिट ही आंतरजालावरून माहिती मागवणारी लायब्ररी ‘एपीआय’ने घेतल्यामुळे पडद्याचे मॉड्यूलही तिच्याशी परस्पर व्यवहार करू शकते आणि तिची आवृत्ती बदलली की दोन्हींच्या कोडचे यंत्राला कळेल असे रूपांतर, म्हणजे संकलन, नव्याने होते, एवढ्या वेळात तो चहा घेऊन येतो आणि विलंबाचे खापर लॅपटॉपच्या रॅमवर फोडतो. ‘कंपाइलओन्ली’ने अ‍ॅप हलके होते, असे कोणीतरी सांगितल्यावरून त्याने रेट्रोफिट तेथे हलवली खरी, परंतु ते नाते संकलनापुरतेच असल्याने बिल्ड निर्विघ्न पार पडली आणि अ‍ॅप बाह्य परीक्षकांसमोर, भाव मागताक्षणीच, कोसळले.

त्याच सायंकाळी रेट्रोफिट ‘एपीआय’मध्ये परतली, तिच्याखाली ‘जेयुनिट’ ही निव्वळ चाचणीची लायब्ररीही होतीच, आणि ती तेथे कशासाठी, असे विचारणाऱ्या जोडीदाराला तो म्हणाला, “असू दे रे, ती काय खायला मागते?”