डबा आहे, रवा नाही

आमच्याकडे वाणसामानाची यादी मी करतो, तीही फळीवरच्या डब्यांची नावं वाचून. ‘रवा’ लिहिलेला डबा दिसला की रवा आहे, विषय संपला. मग रविवारी सकाळी उपम्याच्या वेळी डब्यातून दीड चमचा रवा आणि स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज एकदमच बाहेर पडतात.

मावशीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे १,४०० फोटो भाच्याने भाड्याच्या सर्व्हरवर ठेवले होते. एससीपी या फायली आणणाऱ्या साधनाने उतरवायला घेतले आणि नऊशेच्या आसपास लाइट गेली. एससीपीला आठवण नावाची गोष्ट नाही. पुन्हा सांगितलं की ते पहिल्यापासून सुरू करतं, आलेल्या फायलींवर त्याच फायली ओततं.

म्हणून आरसिंक. कॅनबेराच्या विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते लिहिलं, १९९६ मध्ये. जे इकडे आहेच ते तिकडून पुन्हा का वाहायचं, एवढाच त्यांचा प्रश्न. (दोघे कोकणातले नाहीत, पण शोभले असते.) मी वर ‘इग्नोर एक्झिस्टिंग’ असंही बजावलं, म्हणजे असलेल्याला हात लावायचा नाही. उरलेले पाचशे भराभर आले.

ऐटीत फोटो चाळायला बसलो, तर एका फोटोत मावशी हनुवटीपर्यंतच. खाली सगळं करडं. लाइट गेली तेव्हा हाच फोटो येत होता. पूर्ण नावानिशी आणि अर्ध्या देहानिशी तो फोल्डरमध्ये बसून राहिला, आणि आरसिंकने नाव वाचून त्याला सोडून दिलं. दोष त्याला कुठल्या तोंडाने देणार? माझ्याच वळणावर गेलं होतं.

“मामा, तेवढं बजावणं काढा,” भाचा फोनवर म्हणाला. “त्याला त्याचं कळतं.”

काढलं. त्याच्या मर्जीवर सोडलं की आरसिंक डबा उचलून बघतं: दोन्हीकडचा आकार आणि बदलाची वेळ जुळते का. नाही जुळली तर झाकण उघडून तुकड्याला तुकडा ताडतं आणि कमी पडेल तेवढंच आणतं. एससीपीने आणलेल्या सगळ्याच फायलींवर आजची वेळ पडलेली, त्यामुळे बिचाऱ्याने नऊशेच्या नऊशे डबे उघडले. कुरकुर नाही.

फोटो पुन्हा उघडला. हनुवटीखाली मावशीची पैठणी आली, औक्षणाचं तबक आलं, आणि तबकामागे, सगळ्यांचं लक्ष निरांजनाकडे असताना, सदऱ्याच्या खिशात पेढे भरणारा मी.