फुकट ते पौष्टिक

शिक्षकाच्या घरातून कुठलीही वस्तू सरळ केराच्या टोपलीत जात नाही. रिकामी काडेपेटी, लग्नपत्रिकेचा जाड कागद, खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवरचे ठसठशीत आकडे, या सगळ्यांना ‘वर्गात उपयोगी पडेल’ एवढ्या एका वाक्यावर अभय मिळतं. दिवाळीची साफसफाई निघाली की घरच्यांची आणि या वाक्याची गाठ पडते आणि दरवर्षी वाक्यच जिंकतं. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात याला शैक्षणिक साहित्य म्हणतात, घरचे पसारा म्हणतात. दोघांचंही बरोबर असतं.

अशा माणसाच्या हातात इंटरनेट आलं आणि माळ्याला भिंतीच उरल्या नाहीत. इथे साठवलेल्या वस्तूंवर धूळ बसत नाही, त्यांना वाळवी लागत नाही. फक्त अधूनमधून फोनच ‘जागा शिल्लक नाही’ असं सांगतो, तेही घरच्यांच्याच सुरात.

शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर रात्रीची जेवणं झाली की पीडीएफची वर्दळ सुरू होते. अपूर्णांकांच्या बेरजेची एक स्वाध्यायपत्रिका येते. वर प्रेरणा, संकल्पना, मार्गदर्शन, निर्मिती आणि संकलन अशी पाच नावं, कोपऱ्यात फोटो आणि उरलेल्या जागेत चार गणितं. त्यातलं तिसरं चुकलेलं. सोबत ओळ असते, ‘अतिशय उपयुक्त, संग्रही ठेवावे.’ आपण आज्ञाधारकपणे ठेवतो. ठेवलेलं पुन्हा उघडायचं असतं, असं त्या ओळीत कुठे म्हटलेलं नसतं.

फुकट ते पौष्टिक, हे म्हणणाऱ्याने पचनाचा विचार केलेला दिसत नाही. उद्या प्रकाशसंश्लेषण शिकवायचं म्हणून आज व्हिडिओ शोधायला बसावं, तर समोर ढीग येतो. पहिल्यात बोधचिन्ह गरागरा फिरत राहतं, दुसऱ्यात संगीत पानापेक्षा हिरवंगार, तिसऱ्यात ‘नमस्कार विद्यार्थी मित्रांनो’ संपेपर्यंत आपली निम्मी तासिका संपलेली. हे सगळं आदल्या रात्री तांदूळ निवडल्यासारखं निवडावं लागतं. साहित्य फुकट असतं, निवडणाऱ्याची रात्र फुकट नसते. ती कुठल्याही टाचणवहीत नोंदली मात्र जात नाही.

खरोखर चांगल्या गोष्टी बहुधा गाजावाजा न करता बसलेल्या असतात. आपल्या बालभारतीचंच पाहा. १९६७ साली स्थापन झालेल्या या संस्थेची पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. तिचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंकही तसेच मोफत वाचायला मिळतात. वाचनाच्या तासाला एखादा जुना अंक पडद्यावर लावावा, तर मुलं आधी कथा वाचत नाहीत, अंकाची छापील किंमत वाचतात आणि ‘एवढ्यात काय यायचं?’ म्हणून हिशोबाला बसतात. भाषेच्या तासाला गणित झालं म्हणून कुणी हरकत घेत नाही. उलट व्हायला लागलं, तर घेतील.

किंवा मराठी विश्वकोश घ्या. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. शाळाशाळांतून ते जाडजूड खंड मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेच्या कपाटात असत. कपाटाची किल्ली क्लार्ककडे आणि क्लार्क तालुक्याला गेलेले. आता तोच विश्वकोश खिशातल्या फोनवर उघडतो. सोय मोठी झाली, पण शिक्षकांचं एक जुनं आश्रयस्थान गेलं. उत्तर येत नसलं की ‘छान प्रश्न, उद्या बघून ये’ म्हणता यायचं. आता पोरगं तोंडावर म्हणतं, “सर, आत्ताच बघू या की!”

पाठ्यपुस्तकात तर आता चौकोनी क्यूआर कोडच आले आहेत. जपानमध्ये १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला निघालेली ही खूण, सोलापूर जिल्ह्यातल्या पारितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाला जोडली. २०२० सालचं जागतिक शिक्षक पारितोषिक त्यांना मिळालं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. या कोडचा एक गुण मला विशेष आवडतो. त्याच्या रचनेतच दुरुस्तीची सोय असते, त्यामुळे थोडा भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. पाठ्यपुस्तकातल्या थोरामोठ्यांच्या चित्रांना मिशा काढणाऱ्या वर्गासाठी याहून योग्य शोध नाही.

पण इंटरनेटवरचं मला सर्वांत भावलेलं दालन पडदा बंद करायला लावणारं आहे. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. पुढे त्यांनी पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर छोट्या फिती आहेत, मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं आहेत आणि सगळं मोफत आहे. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे करायचे आणि काडेपेटीतल्या काड्या त्यांत खोचून आकार जोडायचे. चौकोन केला तर तो दाबताच कलंडतो, त्रिकोण मात्र ढिम्म हलत नाही. मग मुलं खिडकीतून विजेच्या मनोऱ्याकडे आणि पत्र्याच्या छपराखालच्या कैचीकडे पाहतात आणि तिथले त्रिकोण मोजू लागतात. यासाठी लागणारी ट्यूब आणायला गेलं की सायकलवाला विचारतो, “सर, सायकल कधी घेतली?” वर्गासाठी आहे म्हटलं की तो पैसे घेत नाही. फुकटाची लागण अशी दुकानापर्यंत पोचते.

शिक्षकी जमातीचा मान इथे परत मिळतो. काडेपेटी जपून ठेवणारे आपण वेडे नव्हतो, याचा हा जाहीर पुरावा आहे. घरी दाखवून पाहिला. परिणाम झाला नाही.

जिथे काडेपेटी पुरत नाही, तिथे ‘फेट’ कामी येतं. कार्ल वीमन यांना २००१ साली पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं आणि पुढच्याच वर्षी त्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. पडद्यावर हाताळायचे विज्ञानाचे आणि गणिताचे प्रयोग, तेही मोफत. स्वयंसेवकांनी केलेल्या भाषांतरांमुळे त्यातले पुष्कळ मराठीतही आहेत. आठवीला धाराविद्युत शिकवताना प्रत्यक्ष बॅटरीची दोन टोकं तारेने थेट जोडू नका, हे आपण दरवर्षी घसा कोरडा करून सांगतो. इथे खुशाल जोडू द्यावं. पडद्यावर बॅटरी पेट घेते, वर्ग टाळ्या वाजवतो आणि शॉर्ट सर्किट म्हणजे काय हे फळ्यावर लिहावं लागत नाही. शिवाय कशातून वीज वाहते हे तपासायला नाणं, पेन्सिल, खोडरबर अशा वस्तू ठेवल्या आहेत, आणि त्यांच्याच रांगेत एक कुत्रा आहे. का आहे, हे विचारू नये. कुत्रा दिसल्यावर ओहमचा नियम शिकवता येत नाही, एवढं लक्षात ठेवावं.

हे सगळं घेताना बदल्यात काय मागतात? कथांचंच उदाहरण घ्या. प्रथम बुक्सने २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केलं. तिथल्या चित्रकथा वाचा, छापा, वर्गाच्या भिंतीवर लावा, आपल्या गावच्या बोलीत उतरवा, सगळ्याला मुभा. अट एवढीच की लिहिणाऱ्याचं आणि चित्रकाराचं नाव कायम ठेवायचं. आमच्या शिक्षक खोलीत इतक्या सौम्य अटीवर कुणी रंगीत खडूसुद्धा देत नाही. तरी हीच अट आपल्याला सर्वांत जड जाते. गोष्ट फिरत फिरत आपल्या गटावर येते, तेव्हा मूळ लेखक गळलेला असतो आणि त्या जागी प्रेरणा, मार्गदर्शन आणि संकलन हजर असतं.

यावर उपाय म्हणून कुठे मोठी यादी करावी असं मला वाटत नाही. ‘शिक्षकांसाठी शंभर उपयुक्त संकेतस्थळं’ अशा याद्याही संग्रहीच जातात. शंभरातलं कुठलं मंगळवारी चौथ्या तासाला, जेवणाच्या सुट्टीच्या आधी, वीज गेलेली असताना चालेल, हे यादीला ठाऊक नसतं. ते फक्त शेजारच्या वर्गावरच्या बाईंना ठाऊक असतं, कारण त्यांनी ते तिथे वापरून पाहिलेलं असतं. सगळ्या फुकट भांडारात तुटवडा आहे तो या वापरून पाहिलेल्या माणसाच्या दोन ओळींचा.

तेव्हा गटावर काही पाठवायचंच, तर पाच नावांऐवजी तेवढ्या दोन ओळी पाठवाव्यात. सुरुवात मीच करतो. फेटचा विद्युत मंडलाचा प्रयोग: आठवीला उत्तम चालतो. आदल्या दिवशी उतरवून ठेवा म्हणजे रेंज लागत नाही. लॅपटॉप चार्ज करून न्या. आधी बॅटरी पेटवा, मग नाणं, मग पेन्सिल, मग खोडरबर. कुत्रा तासाची घंटा होताना दाखवा.